ग्रुप: वाड्यातले सगळे

मीनाकाकू, १०:०८
सुप्रभात. इथे रात्र आहे. काल रात्री तळघरातून तीनदा धाडकन आवाज आला. आज मघाशी परत आला. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. मंदार म्हणतो काही नाही, हीटिंगचा आहे. मला झोप नाही.

मंदार, १०:११
आई, तू वरच्या खोलीत, मी खाली हॉलमध्ये. हे ग्रुपवर कशाला?

मीनाकाकू, १०:१२
घरात दोनदा सांगून झालं.

मंदार, १०:१४
सगळ्यांना सांगतो, काळजीचं काही नाही. इथे तळघरात गॅसची फर्नेस असते आणि तिची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून घरभर फिरते. पत्रा तापला की फुगतो, निवला की आकसतो, तेव्हा ठक्क वाजतं. शिकागोत घरोघरी वाजतं.

सुधीरकाका, १०:१५
मंदार, आवाज नक्की केव्हा होतो? सुरू होताना, चालू असताना, की बंद झाल्यावर? तेवढंच लिही.

ओंकार, १०:१५
काकू, त्या घराचे आधीचे मालक घर सोडून गेले की नुसतेच गेले, ते विचारून ठेवा 👻

अण्णा, १०:१७
फर्नेस २००४ ची आहे. घर घेतानाच मी म्हटलं होतं, अशा यंत्राचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं. तेव्हा मी पुण्यात बसून बोलतो म्हणून हसलात.

मंदार, १०:१८
कोणी हसलं नव्हतं बाबा.

नलूआत्या, १०:१९
आपल्या वाड्यातला बंब पण पाणी उकळलं की असाच घुमायचा. आई म्हणायची बंब बोलायला लागला, उठा आंघोळीला. तांबट आळीतून वडिलांनी उभं राहून करून घेतलेला. कुठे आहे कोण जाणे आता.

ओंकार, १०:२०
आला बंब. मी वाटच बघत होतो.

सुधीरकाका, १०:२१
नलू, बंबाचं नंतर. मंदार, आवाज केव्हा? सुरू होताना, चालू असताना, की बंद झाल्यावर?

सई (न्यू जर्सी), १०:२४
मंदारदादा, फिल्टर कधी बदललास? आमच्याकडे शिट्टीसारखा आवाज यायचा, फिल्टर काढला तर गोधडी झाला होता. आणि गेल्या वर्षी गुडगुड व्हायची, तेव्हा पाणी जायची नळी तुंबलेली निघाली. पण ती नवीन पद्धतीची फर्नेस, जिचा धूर प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातो ती. तुझी पत्र्याच्या धुराड्याची ना?

मंदार, १०:२५
हो, पत्र्याची. फिल्टर बदलायचाय.

सई, १०:२५
‘बदललाय’ नाही, ‘बदलायचाय’. बरं.

अण्णा, १०:२६
मीना, तू तिथून निघून ये.

मीनाकाकू, १०:२७
मार्चचं तिकीट आहे. पोहत येऊ?

सुधीरकाका, १०:२८
तिसऱ्यांदा विचारतो. आवाज केव्हा होतो? मी कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. फर्स्ट क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट भिंतीवर शोभेला लावलेलं नाही.

मंदार, १०:३०
काका, मान्य आहे. पण तो उसाच्या चिपाडावर चालणारा तीन मजली बॉयलर. इथे फ्रीजएवढा डबा आहे.

सुधीरकाका, १०:३१
डबा असला तरी आग तीच असते.

मीनाकाकू, १०:३३
सुधीरभावजी, मी सांगते. जप करत होते, माळ हातात होती म्हणून मोजलं. आधी खालून घूं असा बारीक पंखा लागतो. बारा-पंधरा मणी तसंच. मग टिक्. टिक् झाल्यावर चार मणी काही नाही, आणि मग धाडकन. माझ्या जाळीतून गरम हवा यायला त्यानंतर आणखी तीसेक मणी लागतात.

सुधीरकाका, १०:३४
वहिनी, शाब्बास.

सुधीरकाका, १०:३८
मंदार, आता नीट वाच. पहिला बारीक पंखा म्हणजे आमचा आयडी फॅन. आतला उरलासुरला गॅस धुराड्यातून ओढून बाहेर काढतो. भट्टी पेटवण्याआधी आम्हीही तेच करायचो. तुझ्याकडे त्याच वेळात पेटवणारी कांडी तापून लाल होते. टिक् म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह उघडला. त्याच क्षणी भस्सकन पेटायला हवं. तुझ्याकडे चार मणी गॅस नुसता येतोय, साठतोय आणि मग एकदम पेट घेतोय. तो धाडकन. पत्र्याचा आवाज गरम हवा सुटल्यावर येईल, आधी कसा येईल?

ओंकार, १०:३९
बाबांनी एवढं तर माझ्या लग्नातही टाइप केलं नव्हतं.

सई, १०:४०
दादा, मामा बरोबर सांगतोय. याला इथे डिलेड इग्निशन म्हणतात. बर्नरवर गंज किंवा कचरा बसला की होतं. दर वेळी तो दणका आतल्या हीट एक्स्चेंजरला बसतो. त्याला तडा गेला तर जळलेला वायू घरातल्या हवेत मिसळू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म कुठे लावलायस?

मंदार, १०:४२
तळघराच्या जिन्यात.

सई, १०:४२
आणि मामी झोपते वर! इलिनॉयमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीपासून पंधरा फुटांच्या आत लागतो, कायदाच आहे. अलार्मच्या मागे तारीख असते, ती बघ.

अण्णा, १०:४३
इथे दर थंडीत गॅस गीझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या येतात. तोच वायू हा.

नलूआत्या, १०:४४
म्हणूनच म्हणते, बंब बरा. अंगणात असायचा.

मंदार, १०:५१
अलार्म २०१२ चा निघाला. शेजाऱ्यांकडून एक जास्तीचा आणून आईच्या दाराबाहेर लावलाय. आकडा शून्य आहे. गॅसचा वास कुठेही नाही.

सई, १०:५२
वास आला तर दिव्याचं बटणही दाबायचं नाही. मामीला घेऊन बाहेर पडायचं आणि मग फोन.

मंदार, १०:५८
फर्नेसच्या दाराला काचेचं छोटं भोक आहे, त्यातून पाहिलं. चार बर्नर आहेत. पहिले तीन निळे पेटतात. चौथा थांबतो, मग एकदम भडकतो, पिवळी ज्योत येते आणि दणका बसतो. काका, तुमचं बरोबर होतं.

सुधीरकाका, १०:५९
बंद कर.

मंदार, ११:००
बाहेर उणे सोळा आहे काका. रात्रीचे साडेअकरा. आत्ता मेकॅनिक बोलावला तर दुप्पट पैसे, आणि तरी तो पहाटे उगवणार.

अण्णा, ११:०१
पैसे मी पाठवतो.

मंदार, ११:०१
पैशाचा प्रश्न नाही हो बाबा! दर वेळी तेच काय?

सुधीरकाका, ११:०२
बंद कर. सकाळी दुरुस्त होऊ दे, मग लाव.

सई, ११:०४
दादा, घर एकदम गोठत नाही. सगळे एका खोलीत झोपा. विजेचा हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लाव, एक्स्टेन्शन बोर्डाला नको. आणि दोन हीटर एकाच लाइनवर लावू नकोस. एक पंधराशे वॅटचा असतो, दुसरा लावलास की ब्रेकर पडेल. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेव आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाक, नाहीतर पाइप फुटतील.

मीनाकाकू, ११:०९
बंद केलं त्याने. हीटर आणलाय. माझ्या अंगावर दोन रजया आणि त्याची शाळेतली कानटोपी आहे. झोपते. तुमचं चालू द्या.

नलूआत्या, ११:१५
वहिनी झोपल्या वाटतं. आता तरी कुणीतरी सांगा, वाडा विकला तेव्हा बंब कोणाच्या टेम्पोत गेला?

अण्णा, ११:१६
नलू, आज नको.

नलूआत्या, ११:१६
मग कधी? अकरा वर्षं विचारते आहे.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

नलूआत्या, ११:१८
सुधीर, काय लिहिलं होतंस? वाचायच्या आत पुसलंस.

सुधीरकाका, ११:१९
चुकून फॉरवर्ड झालं होतं.

त्याच दिवशी रात्री (शिकागोत दुसरी सकाळ)

मंदार, २१:४०
मेकॅनिक आत्ताच गेला. चौथ्या बर्नरवर गंजाचे पापुद्रे होते. एका बर्नरची ज्योत ज्या फटीतून पुढच्याला जाते, ती फटच बुजली होती. सगळे बर्नर काढून ब्रशने साफ केले. शेवटच्या बर्नरपाशी ज्योत ओळखणारी एक सळई असते, तीही घासली. हीट एक्स्चेंजरमध्ये कॅमेरा घालून पाहिलं, तडा नाही. पाच वेळा चालू-बंद केलं, आता टिक् झालं की लगेच पेटतंय. फिल्टर बदलला. जुन्याचा फोटो टाकत नाही.

सई, २१:४१
टाक टाक.

मंदार, २१:४६
आणखी एक. ‘ठक्क ठक्क पण येतं का’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं येतं, तो डक्टचाच. म्हणजे माझंही अगदीच चूक नव्हतं. तो म्हणाला, हवेला जायला जागा नसली की पत्रा जास्त वाजतो, जाळ्या उघड्या आहेत ना? म्हणून घरभर फिरलो. वरच्या तीन खोल्यांत जमिनीतल्या जाळ्यांवर आईने जुन्या ओढण्या अंथरून कोहळ्याचे सांडगे वाळत घातलेत.

ओंकार, २१:४७
😂😂😂

अण्णा, २१:४८
मीना??

मीनाकाकू, २१:५२
इतकी छान कोरडी गरम हवा फुकट जात होती. गच्चीवर पाच दिवस लागतात, इथे दीड दिवसात कडकडीत. मंदारला काल रात्री तळून दिले तेव्हा नाही विचारलंन कुठे वाळवले.

मंदार, २१:५३
आई.

मीनाकाकू, २१:५४
काढले रे. आता तुझ्या त्या ट्रेडमिलवर पसरलेत, ती तशीही रिकामीच असते. सुधीरभावजी, तुमचे उपकार झाले हो.

सुधीरकाका, २१:५६
वहिनी, मोजलंत तुम्ही, मी नुसता विचारत होतो. मंदार, थंडी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी साफ करून घेत जा. गाळप सुरू करण्याआधी आम्ही एकदाही चुकवलं नाही.

मंदार, २१:५७
हो काका. सॉरी, काल डबा वगैरे म्हणालो.

मीनाकाकू, २१:५९
नलूताई, मार्चमध्ये येताना तुमच्यासाठी सांडगे आणते. पावकिलो तरी होतील.

नलूआत्या, २२:०३
सांडगे आणा वहिनी, आवडतील. आणि सुधीर, तुझ्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून काय ठेवलंय ते परवा कामवाल्या बाईंनी मला सांगितलं. रविवारी येते आहे. जेवायला थांबेन.

ओंकार ग्रुपमधून बाहेर पडला.