मदत हवी आहे: कॉलेजातल्या आदिवासी मुलांसाठीच्या कक्षाचं काम माझ्याकडे आलंय, सुरुवात कुठून करू?

शाईपेन

नमस्कार मंडळी, मी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते. या वर्षापासून समान संधी कक्षाचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि त्यातही प्राचार्यांनी वेगळं बोलावून सांगितलं की एसटीच्या मुलांकडे जरा बघा, पहिल्या वर्षाला येतात आणि दुसऱ्या वर्षाला हजेरीपटावर नाव असतं पण मूल नसतं. कक्ष म्हणजे काय तर जिमखान्याशेजारची एक खोली, दारावर पाटी, आत दोन कपाटं आणि त्यात मागच्या नॅक व्हिजिटच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली.

यूजीसीचे २०१२ चे नियम वाचले. असा कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, सगळं आहे. पण रोज त्या खुर्चीत बसून नक्की काय करायचं ते कुठेच नाही.

मुलं म्हणाल तर जुन्नर-आंबेगावकडची महादेव कोळी आणि ठाकर, राजूरकडची काही, सुरगाणा-पेठची कोकणा, नंदुरबारची पावरा आणि भिल्ल, थोडी गडचिरोलीची. यादीत सगळ्यांपुढे नुसतं एसटी. एकमेकांशीसुद्धा फार बोलत नाहीत असं दिसतं. मी नोटीस लावली की काही अडचण असल्यास कक्षात भेटावे, तर एकच मुलगा आला आणि त्याने विचारलं की इथे झेरॉक्स होते का.

जे स्वतः आश्रमशाळेतून किंवा पाड्यावरून शहरात शिकायला आलेत किंवा कॉलेजच्या ऑफिसात हे काम करतात त्यांनी प्लीज लिहा. पहिल्यांदा काय करू? मुलांना चारचौघात अवघडल्यासारखं न होता माझ्यापर्यंत कसं आणू? आणि सरकारी बाजूला कोणाशी बोलायचं असतं?

सातपुड्याचा

मॅडम मी धडगावचा, पावरा. बारावीपर्यंत आश्रमशाळा, मग पुण्यात बीएस्सी, आता नोकरी करतो. नोटीस लावून कोणी येणार नाही हे आधीच सांगतो कारण आश्रमशाळेत ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी लफडं झालंय हेच डोक्यात बसलेलं असतं, पाटी असलेल्या खोलीत आम्ही आपणहून जात नाही. तुम्हालाच जावं लागेल.

आणि पहिलं काय विचारायचं तर अभ्यास नाही, राहतोस कुठे ते विचारा. कॉलेजची अॅडमिशन आधी होते, सरकारी वसतिगृहाची यादी नंतर लागते, मधले जे काही आठवडे असतात त्यात पोरगा गाववाल्याच्या रूमवर पडून असतो, एका खोलीत सात-आठ जण, रूममालक रोज ओरडणार, मेसचे पैसे नाहीत, याच दिवसांत कितीतरी पोरं बॅग उचलून परत जातात आणि घरी सांगतात की कॉलेज आवडलं नाही. कॉलेजला कळतही नाही की पोरगा गेला. कळतं तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख उलटून गेलेली असते.

वसतिगृह नाही मिळालं तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. पुण्यामुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० असा आकडा ठरला होता, जेवणाला ३२,०००, राहायला २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. आता २०,००० म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा पडत नाहीत, एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर जागा दाखवा कोणीतरी. त्यात हप्ते मागाहून येणार आणि रूमचं डिपॉझिट आज पाहिजे. तर कॉलेजकडे माजी विद्यार्थ्यांचा किंवा कसलाही फंड असेल तर तो या दोन महिन्यांसाठी उसना वापरता येतो का बघा. पुस्तकं वाटण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

दुसरं म्हणजे होळी. तुमच्याकडे दिवाळीची सुट्टी असते पण आमच्याकडे वर्षाचा मोठा सण होळी. काठी गावची होळी तुम्ही ऐकली असेल, तशा गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात आणि माणूस कुठेही असला तरी घरी जातोच. नेमक्या त्या आठवड्यात इंटर्नल टेस्ट लागते, पोरगं गैरहजर, मार्क शून्य. सरांना कारण सांगितलं की सर हसतात. एवढी एक टेस्ट पुढेमागे करून दिली तरी पोरांना कळेल की इथे आपलं कोणीतरी बघतंय.

आणि ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, आम्हाला फक्त नाचायला बोलवू नका हो. वर्षभर नाव माहीत नसतं आणि त्या दिवशी एकदम ढोल घेऊन या.

टेबल नं. ३

मी एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर आहे (पुण्यात नाही). वरच्या भावाने मनातलं लिहिलं, मी कागदाचं लिहितो. मुलं गळतात त्यातली बरीच कागदात गळतात.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म एकदा भरला की झालं असं मुलांना वाटतं. दरवर्षी रिन्यूअल असतं. दुसऱ्या वर्षी ते राहिलं की फी अंगावर येते, फी अंगावर आली की मुलगा ऑफिससमोरून जायचं टाळतो आणि मग वर्गातूनही गायब. तुमच्या प्राचार्यांना जे दुसऱ्या वर्षाचं कोडं पडलंय त्यातलं निम्मं इथे सापडेल, तपासून बघा.

फॉर्म कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला, मग प्रिन्सिपल लॉगिनला आणि मग आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो. त्रुटी असली की सेंड बॅक होतो, त्याचा मेसेज मोबाइलवर जातो आणि मोबाइल नंबर असतो वडलांचा नाहीतर काकाचा, गावात रेंज नाही. ओटीपीचंही तेच. म्हणून आल्या आल्या आधारला मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि बँक खात्याचं आधार सीडिंग (खातं आधारला जोडणं) झालंय का ते बँकेत जाऊन बघायला लावा, पासबुक आहे म्हणजे सीडिंग आहे असं नसतं. क्लार्क लॉगिनला किती अर्ज पडून आहेत याची यादी दर पंधरा दिवसांनी मागा. आमच्या क्लार्क मंडळींना राग येईल, येऊ द्या.

उत्पन्नाचं: पोस्ट मॅट्रिक म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीला मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्याच्या वर असेल तर काहीच मिळत नाही असं समजून शिक्षकाची, कंडक्टरची मुलं फॉर्मच भरत नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षण शुल्क परीक्षा शुल्काची वेगळी योजना त्याच पोर्टलवर आहे.

व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी: एसटीची समिती वेगळी असते, जिल्ह्याच्या समितीत एससी, ओबीसीचं काम चालतं. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. ज्याच्या घराण्यात कोणी शाळेतच गेलं नाही त्याने दाखला आणायचा कुठून? वडलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, तेव्हा आधी ते विचारा. आर्ट्सची मुलं पदवी संपेपर्यंत याच्या नादी लागत नाहीत आणि मग बीएड किंवा लॉच्या वेळी अडकतात. पहिल्या वर्षालाच लावून द्या.

पुण्यासाठी प्रकल्प कार्यालय घोडेगावचं. एकदा स्वतः जाऊन या, शिक्षण विभाग कोण बघतं ते नाव लिहून घ्या. फोनवर नुसतं कॉलेजातून बोलतेय म्हणण्यात आणि परवा भेटून गेले ती मी असं म्हणण्यात फार फरक पडतो.

स्पष्टवक्ता

राग मानू नका पण गरिबी काय जमात बघून येते का? सगळ्या गरजू मुलांसाठी एकच कक्ष ठेवा की.

टेबल नं. ३

@स्पष्टवक्ता, सगळ्यांसाठीचा कक्ष आहेच, त्याला विद्यार्थी कल्याण म्हणतात. तिथे १९५० च्या आधीची कोतवाल नोंद कशी काढायची ते कोणाला ठाऊक नसतं.

जव्हारची

ताई मी वारली, मेडिकल फील्डमध्ये आहे. वर पैशाचं आणि कागदाचं आलं, एक राहिलं म्हणून लिहिते. टोमणे. तुझा कटऑफ कितीला क्लोज झाला गं, हे पहिल्या आठवड्यात हसत हसत विचारतात आणि पुढे तेच चालू राहतं, प्रॅक्टिकलला पार्टनर मिळत नाही, बोलण्यात गावाकडचा हेल आला की नक्कल होते. यातलं एकेक सांगायला गेलं तर तक्रार वाटतच नाही, सांगणारीलाच वाटतं की मीच फार मनाला लावून घेतेय. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत पुढचं मेडिकल शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली, सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, ती तडवी भिल्ल समाजाची होती, तिच्या आईचं म्हणणं होतं की या छळाचं आम्ही आधीच सांगितलं होतं. तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये कितीतरी जणींनी पहिल्यांदा आपापलं सांगितलं.

म्हणून तक्रारपेटी वगैरे ठेवा पण तिच्यावर विसंबू नका. कोणी सांगितलं तर लेखी दे मग बघू असं पहिलंच वाक्य नको. आधी ऐकून घ्या, तारीख टाकून तुम्हीच लिहून ठेवा, पुढे न्यायचं की नाही ते तिला ठरवू दे. मुलींसाठी बाईमाणूस हवं, ते तुम्ही आहातच. आणि कोणी फारच खचलेलं वाटलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पण नंबर हातात देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसून लावून द्या.

पश्चिमवारा

मी व्हँकुव्हरला असतो, थोडं इकडचं सांगतो. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाची जागा मूळची मस्क्वियम लोकांची, आणि कॅम्पसवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून एक लाँगहाउस आहे. त्यांच्या पारंपरिक पद्धतीचं मोठं लाकडी घर. मला त्यात दोन गोष्टी पटल्या. एक म्हणजे शेजारी लहान मुलांचं पाळणाघर, कारण शिकायला येणाऱ्यांत मुलंबाळं असलेले बरेच असतात. दुसरं म्हणजे मदत करणाऱ्यांत त्यांच्याच समाजातली माणसं असतात, जुनीजाणती मंडळीही येऊन बसतात. अर्थात त्यामागे पैसा आहे, आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांचा वाईट इतिहासही आहे, त्यामुळे सगळं गोडगोड आहे असं नाही. तुमच्याकडे इमारत कोणी देणार नाही पण त्यांच्यातलंच माणूस बसवणं जमेल का?

सातपुड्याचा

हे जमेल. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे ना, त्यातून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन पोरं कक्षात घ्या, एक मुलगी एक मुलगा. झाडलोट आणि लायब्ररीत पुस्तकं लावायला देता त्याऐवजी नव्या पोरांचे फॉर्म भरायला द्या, तासाचे पैसे तेच. पावरी, कोकणा बोली बोलणारं कोणी दिसलं की पहिल्या वर्षाचं पोरगं आपोआप येऊन उभं राहतं. फक्त फुकट राबवू नका. आमच्या वेळी समाजसेवा म्हणून सिनियरकडून सगळं करून घ्यायचे आणि त्याचाच अभ्यास बुडायचा.

शाईपेन

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ठरवलेलं सांगते. खोली सोडून मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार. कमवा व शिकाचं प्राचार्यांना विचारलं, ते आधी नियमात बसतं का म्हणाले आणि मग हो म्हणाले. एक तिसऱ्या वर्षाची कोकणा मुलगी तयार आहे, मुलगा शोधतेय. पहिल्या वर्षाच्या मुलांना फोन करून राहायचं विचारायला लागलेय, त्यातला एक जण सध्या मावसभावाबरोबर बांधकामाच्या साइटवर राहतोय आणि तिथून बस बदलत येतो. हे अॅडमिशन फॉर्मवरच्या पत्त्यावरून कसं कळणार होतं? त्याची स्वयमची लिंक उघडली की सांगा म्हणून घोडेगावला बोलून ठेवलंय. डिपॉझिटसाठी माजी विद्यार्थी संघाला पत्र दिलंय, होळीचं परीक्षा विभागाशी बोलायचं आहे, तिथे मात्र भांडण होणार असं दिसतंय.

आता अजून एक. त्याच मुलाकडून काउंटरवर पूर्ण फी मागितली, नंतर स्कॉलरशिप आली की परत देऊ म्हणे. हे बरोबर आहे का? मी ऑफिसात काय दाखवू?

टेबल नं. ३

बरोबर नाही. जी फी शिष्यवृत्तीतून कॉलेजला मिळणार आहे ती पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी घ्यायची नाही अशी शासनाची परिपत्रकं आहेत, एकदा नाही अनेकदा काढलेली. घोडेगावला जाल तेव्हा ताज्या परिपत्रकाची प्रत मागून घ्या, प्राचार्यांची सही घेऊन काउंटरच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवा म्हणजे क्लार्कलाही दिसेल. मुलाने पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवायला सांगा आणि परताव्याचा अर्ज आजच्या तारखेने आवक-जावकला नोंदवा. तोंडी सांगितलेलं ऑडिटच्या वेळी कोणाला आठवत नाही.