लवंगतेल : कुठे लावलंत, किती लावलंत आणि मग काय झालं?

रातकिडा
धागा काढायला कारण माझी उजवी अक्कलदाढ. मागच्या महिन्यात शनिवारी रात्री दीड वाजता ती अशी ठणकायला लागली की उशीला गाल टेकवेना. घरातल्या गोळ्या संपलेल्या. शेवटी देव्हाऱ्याखालच्या खणात लवंगतेलाची बाटली सापडली, कुणी कधी आणली देव जाणे. कापसाचा बोळा चिंब भिजवला, दाढेवर ठेवला आणि जबडा मिटून बसलो. दोन मिनिटांत दाढ गप्प. त्या आनंदात आणखी एक बोळा. सकाळी आरशात बघतो तर हिरडी पांढरीफटक आणि गालाच्या आतली साल निघालेली. पुढचे चार दिवस दाढ परवडली पण गाल नको, अशी गत. ताकसुद्धा झोंबत होतं.

तर तुम्ही हे तेल कशाला वापरलंत, किती, आणि काय झालं? स्वतः केलेलंच लिहा. 'लवंगतेलाचे ५७ फायदे' आत्या मला रोज सकाळी पाठवते, ते पुरेसे आहेत.

दाढेश्वरी
सांगलीत दातांचा दवाखाना आहे. पांढऱ्या हिरडीचा एखादा पेशंट सोमवारी सकाळी ठरलेला असतो, त्यामुळे हसू आलं, माफ करा.

तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. तेच नस बधिर करतं आणि तेच हिरडी भाजतं. दवाखान्यात पाऊल टाकताच जो 'दातांच्या डॉक्टरचा वास' येतो ना, तो याचाच. झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल कालवून आम्ही तात्पुरतं सिमेंट भरतो. त्यामुळे आजीचा उपाय खोटा म्हणणार नाही. २००६ साली कुवेतमध्ये ७३ जणांच्या तोंडात सुई टोचून पाहिलं होतं, तेव्हा लवंगेचा जेल बेंझोकेन या बधिर करायच्या औषधाच्या जेलइतकाच चालला होता.

चुकतं ते प्रमाणात. अर्धा चमचा खोबरेल किंवा तीळतेल घ्या, त्यात लवंगतेलाचा एकच थेंब. कापसाचा अगदी मुगाएवढा बोळा बुडवून पिळा, मग चिमट्याने दाताच्या खड्ड्यात ठेवा. हिरडीवर नाही, गालावर नाही. दहा मिनिटांनी काढून टाका. खड्डाच नसेल, नुसती हिरडी सुजली असेल, तर या तेलाचं तिथे काही काम नाही.

आणि एक गोष्ट मी रोज सांगते. दुखायचं थांबलं म्हणजे कीड थांबली असं नाही. कधीकधी आतली नस मेलेली असते म्हणून शांत वाटतं. गालावर सूज, ताप, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास, यातलं काहीही असेल तर कापूस शोधू नका, गाडी काढा.

भटकभवानी
मी तर कोमट पाण्यात दोन थेंब टाकून गुळण्या करते. चालेल ना?

दाढेश्वरी
नका करू. तेल पाण्यात विरघळत नाही. तुम्ही कितीही ढवळा, ते दोन थेंब जसेच्या तसे कुठेतरी जिभेला किंवा टाळूला चिकटतात. त्यापेक्षा चार-पाच लवंगा पाण्यात उकळा, गाळा, निवू द्या, त्याच्या गुळण्या करा. आणि हे तेल पोटात घ्यायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर मुळीच नाही, कारण युजेनॉलही रक्त गोठण्याच्या आड येतं.

जुईची आई
हे लिहायला हात धजावत नव्हता. मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची. सासऱ्यांच्या दातासाठी आणलेली दहा मिलीची बाटली टीपॉयवर राहिली. मी कणिक मळत होते. खोकल्याचा आवाज आला म्हणून धावले तर बाटली आडवी, फ्रॉकवर तेल, ओठ लाल, आणि पोर किंचाळतेय. पोटात किती गेलं आणि फ्रॉकवर किती सांडलं, काही कळेना.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठपाणी पाज, उलटी होऊ दे. नशीब, नवऱ्याने आधी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच, उलटी करवू नका, तेल श्वासनलिकेत जाईल, बाटली घेऊन तसेच निघा. दोन दिवस ठेवून घेतलं. रक्तातली साखर आणि लिव्हरची तपासणी पुन्हा पुन्हा. नंतर डॉक्टरांनी समजावलं की पाच-दहा मिली तेलानेसुद्धा लहान मुलं बेशुद्ध झाल्याच्या, लिव्हर निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. जुई सुटली. आज सात वर्षांची आहे, बिर्याणीतली लवंग काढून माझ्या ताटात टाकते.

दात येताना हिरडीला चोळायला हे तेल सुचवणारे खूप भेटतील. कृपा करून नको.

वाडीतला
गुहागरकडे नारळ-पोफळीची वाडी आहे. आंतरपीक म्हणून जायफळ, काळी मिरी आणि लवंगेची नऊ झाडं. लवंग म्हणजे कळी. हिरवी कळी गुलाबी व्हायला लागली की फुलायच्या आत खुडायची, शिडीवर उभं राहून, घोसाघोसाने. फांदी ठिसूळ, ओढली की मोडते. चार-पाच दिवस उन्हात वाळवली की तीन किलोची जेमतेम एक किलो उरते. आता तुम्हीच सांगा, शंभर रुपयांत भली मोठी बाटली 'शुद्ध कळीचं तेल' म्हणून कशी मिळेल? पानांपासूनही तेल काढतात, ते स्वस्त पडतं. त्यातही युजेनॉल भरपूर असतं, पण वास जरा रांगडा.

घरच्या घरी बघायचं तर थेंब पाण्याच्या पेल्यात सोडा. लवंगतेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. वर तरंगत पसरलं तर दुसरं कसलं तरी तेल मिसळलंय. अख्खी लवंगही तशीच तपासतात. चांगली लवंग पाण्यात उभी राहते, देठ खाली. तेल काढून घेतलेली चोथा-लवंग आडवी तरंगते. आणि नख रुतवलं तर तेल दिसायला हवं.

जाता जाता माझा शहाणपणा. आंब्यावरच्या फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा लावतो, त्यात मिथाइल युजेनॉल असतं. नाव वाचून वाटलं, लवंगतेलच घातलं तर? आठवडाभर बोळा टांगला. माशी फिरकली नाही, मुंग्या मात्र गेल्या. चुलतभाऊ असला म्हणून सही चालत नाही.

काचघर
माझा वापर ऐकून काहींना वाईट वाटेल. माझ्याकडे अकरा वर्षांचा गोल्डफिश होता. पोट फुगून उलटा पडलेला, खाणं बंद. पशुवैद्यांनी सांगितलं, आता सोडवा. माशांना भूल द्यायला लवंगतेल वापरतात, हे तेव्हा कळलं. थेट टाकीत टाकलं तर ते तळाशी बसतं, म्हणून आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोरजोरात हलवून दुधासारखं करायचं आणि वेगळ्या भांड्यात थोडंथोडं सोडायचं. मासा आधी डुलतो, मग कुशीवर पडतो. प्रमाण इथे लिहीत नाही, ते डॉक्टरांकडूनच घ्या. तडफडला नाही, एवढंच सांगतो.

मोजायला पारदर्शक प्लॅस्टिकचा कप घेतला होता, तो तिथल्या तिथे धुरकट झाला. तेव्हापासून हे तेल काचेतच.

पॅलेटनाईफ
धाग्यावर माझा दात नाही, रंग आहेत. ऑइल पेंटमध्ये किंचित लवंगतेल घातलं तर रंग सुकायला वेळ लागतो. मी तर रंगात घालतही नाही. झाकणाच्या डब्यात पॅलेट ठेवते आणि कोपऱ्यात दोन थेंबांचा कापूस. रंग आठवडाभर लोण्यासारखे राहतात. कॉलेजात असताना शहाणपणा करून पांढऱ्यात सढळ हाताने ओतलं होतं. ते चित्र चार महिने चिकट राहिलं आणि त्यावर एक डास कायमचा बसला. परीक्षकांना तो मुद्दाम काढलेला वाटला.

मेलबर्नकर
इकडे बाथरूमच्या बुरशीवर लवंगतेल हा घरोघरचा उपाय आहे. लिटरभर पाण्यात पाव चमचा, फवारायच्या बाटलीत. प्रत्येक वेळी हलवायचं, नाहीतर शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल येतं. आधी बुरशी साबणाने घासून काढायची, मग फवारायचं. ओल तशीच राहिली तर बुरशी परत येते, हेही खरं. पाऊसभर कपाटाला वास मारतो म्हणून रत्नागिरीला आईला सांगितलं. तिने पाणी वगैरे भानगड न करता बाटलीच फडक्यावर ओतली. बुरशी गेली, कपाटातले प्लॅस्टिकचे हँगर चिकट झाले आणि तिचे तळहात दोन दिवस लाल. हातमोजे घाला, हे सांगायचं मी विसरलो होतो.

दोन मांजरांची आई
मांजर असेल तर हे तेल डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवायच्या यंत्रात, नको. युजेनॉलसारखी रसायनं मांजराच्या लिव्हरला नीट निस्तरता येत नाहीत. मला हे कळलं तेव्हा आमची मनी सोफ्याखाली लाळ गाळत बसली होती. डिफ्यूझर बंद केला, खिडक्या उघडल्या, डॉक्टरकडे नेली. आता तो डिफ्यूझर फुलदाणी झालाय.

गुडघेदुखे काका
मी गुडघ्याला चोळतो. आधी खोबरेलात अंदाजपंचे ओतायचो, पुरळ उठलं. त्वचेच्या डॉक्टरांनी प्रमाण दिलं. ३० मिली तेलात तीन थेंब, बस्स. तेही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट बघायची. ऊब वाटते, बरं वाटतं. गुडघा तेलाने बरा होतो की चोळण्याने, ते मी बायकोला विचारत नाही. चोळते तीच.

माई आजी
सगळं वाचलं. आमच्याकडे साखरेच्या डब्यात चार लवंगा असतात, मुंग्या येत नाहीत. दाढ दुखली तर एक लवंग दाढेखाली धरायची. माझी मालवणची सासू म्हणायची, "दाढेत धर गो, हिरडेक लावू नको, भाजतला." तेलाची बाटली घरात कधी आलीच नाही.

रातकिडा
माई, सासूबाईंना माझा दंडवत. डॉक्टरीणबाईंचं ऐकून गेल्या मंगळवारी दाढ काढून आलो. तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा ठणका, कानापर्यंत. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली होती, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात म्हणे. या वेळी खणाला हात लावला नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. डॉक्टरांनी खड्डा धुतला आणि आत औषधाची पट्टी ठेवली. पट्टी तोंडाजवळ आली आणि वासानेच ओळखलं. त्याचेच पाचशे रुपये मोजून घरी आलो.