शेअर्ड फोल्डर : आतल्या सबफोल्डरला वेगळा हक्क द्यावा का?

सर्व्हररूम : माझं मत, अजिबात देऊ नये. डोमेनमधल्या (सगळ्यांची लॉगइन एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या विंडोज नेटवर्कमधल्या) फाइल सर्व्हरवर परवानग्या फक्त वरच्या दोन पातळ्यांवर द्याव्यात, त्याही ग्रुपला, म्हणजे युजरच्या गटाला. माणसाच्या नावावर एकही नको. चाकणच्या एका कारखान्याचा सर्व्हर नुकताच हातात आला. 'परचेस' फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडला तर चार नावं आणि त्याखाली 'एस-१-५-२१' ने सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्यांच्या ओळी, म्हणजे विंडोजने खात्यांना दिलेले ओळख क्रमांक. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती डिलीट झाली, नोंदी तशाच राहिल्या. आत पाचव्या पातळीवर कुणीतरी इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली लागू होणं) तोडून ठेवलेला. ऑडिटरने विचारलं, रेट कॉन्ट्रॅक्ट कोणाकोणाला दिसतात? या एका प्रश्नासाठी सगळे फोल्डर धुंडाळावे लागले.

कोल्हापूरकर : पटत नाही. पंचवीस माणसांच्या ऑफिसात प्रत्येक फोल्डरला ग्रुप कोण बनवत बसणार? शिवाय ग्रुपमध्ये नाव टाकलं तरी त्या माणसाने लॉग ऑफ करून परत लॉगइन केल्याशिवाय फोल्डर उघडत नाही. साहेब डोक्यावर उभे असतात, टेंडरची वेळ संपत आलेली असते. थेट नाव टाकलं की काम लगेच होतं.

ताळेबंद : मी आयटीतला नाही, अकाउंट्स बघतो. आमच्या खात्यात आठ जण, पगारपत्रक बघायचा अधिकार दोघांना. ते अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि आत वेगळा हक्क द्यायचा नाही, मग बाकीच्या सहांना दिसणारच की!

सर्व्हररूम : म्हणूनच पगारपत्रक आत ठेवूच नका. 'पेरोल' नावाचा फोल्डर अकाउंट्सच्या शेजारी, त्याच पातळीवर करा आणि त्याला दोघांचाच ग्रुप लावा. ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन चालू केलं की इतरांना तो फोल्डर दिसणारही नाही. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून ही सोय आहे, पण फार कमी ठिकाणी चालू केलेली दिसते.

कोल्हापूरकर, लॉगइनचा मुद्दा खरा आहे. पण साहेबांची ती पाच मिनिटं वाचवायला टाकलेलं नाव पुढे कोण काढतं? कुणीच नाही.

नेटवर्कताई : फोल्डर वेगळा केला तरी एक खाच राहते. फाइल त्याच ड्राइव्हवर मूव्ह केली की जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. पेरोलमध्ये ओढून टाकलेली फाइल अकाउंट्सच्या सगळ्यांना उघडता येऊ शकते. हलवल्यावर सिक्युरिटी टॅब बघाच. आणि कृपा करून 'फुल कंट्रोल' देऊ नका. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' (फाइल वाचायची, बदलायची, डिलीट करायची परवानगी) पुरतं. फुल कंट्रोल असलेला माणूस स्वतःच परवानग्या बदलू शकतो.

कोल्हापूरकर : मॉडिफाय मान्य. पण दोनच पातळ्यांचा हट्ट नको. डिझाइनच्या फोल्डरमध्ये प्रत्येक ग्राहकाचं वेगळं ड्रॉइंग, गोपनीयतेचा करार वेगळा. तिथे तिसऱ्या पातळीवर हक्क तोडावाच लागतो. इतके शेजारी फोल्डर केले तर शोधणाराच वैतागेल.

सर्व्हररूम : डिझाइनपुरती तिसरी पातळी घ्या, पण ग्रुपनेच, आणि 'डिनाय' (थेट मनाईची नोंद) न वापरता. एक जण दोन ग्रुपमध्ये असला आणि त्याच फोल्डरवर एकाला डिनाय दिलेला असला, की दुसऱ्याची परवानगी तिथे चालत नाही. मग फोल्डर का उघडत नाही, हे शोधण्यात आख्खी दुपार जाते.

ताळेबंद : आमच्या ॲडमिनला 'पेरोल' बाहेर काढायला सांगितलंय. त्या दोघांच्या ग्रुपमध्ये तिसरं नाव घालायचं झालं तर आधी माझी लेखी मंजुरी लागेल, हेही कळवलंय.