वॉरियर्सचं म्हातारपण: करीला विकायचं की सांभाळायचं?

पहाटेचा_प्रेक्षक: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या वॉरियर्स संघाचे मुख्य खेळाडू बघा: करी १९८८ चा, बटलर १९८९ चा, ड्रेमंड १९९० चा. सलग दोन रात्री मॅच असली की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, टीव्हीवरसुद्धा दिसतं. तरुण पोरं आणायची तर सोडायचं कोणाला?

हिरवी_जर्सी: भावनेत अडकू नका. २०१३ मध्ये सेल्टिक्स संघाने ३७ वर्षांचा गार्नेट आणि त्याच्यासोबत पिअर्स, हे दोन जुने स्टार नेट्स संघाच्या गळ्यात मारले. बदल्यात २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) आणि २०१७ ला निवडीचा क्रमांक अदलाबदल करायचा हक्क. त्यातूनच ब्राउन आणि टेटम हे तरुण स्टार आले, २०२४ ला विजेतेपद. पण तेव्हा समोर घायकुतीला आलेला मालक होता. आता सेकंड एप्रनच्या (पगारखर्चाची वरची मर्यादा, ती ओलांडली की सौद्यांवर कडक बंधनं) धाकाने असे गिऱ्हाईक सापडणं मुश्कील.

रांगेतला: करीला विकलं तर चेस सेंटरमध्ये, वॉरियर्सच्या घरच्या मैदानात, बसायचं कोणासाठी?

पहाटेचा_प्रेक्षक: तेच म्हणतोय! मला स्पर्स संघाचा रस्ता पटतो. २०११ मध्ये त्यांनी जॉर्ज हिल देऊन ड्राफ्टमध्ये १५ व्या क्रमांकावर निवडलेला लेनर्ड घेतला. डंकन, पार्कर, जिनोबिली हे जुने स्टार जागेवरच. २०१४ च्या फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण? लेनर्ड.

हिरवी_जर्सी: वॉरियर्सनी तेच करून पाहिलं की. २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर वाइजमन हा तरुण पोरगा घेतला, २०२३ ला देऊन टाकला. पोरगा वाईट नव्हता हो, पण करीच्या शेजारी चुका करत शिकायला वेळ कोण देणार?

रांगेतला: मग डिफेन्स करणारा, पंचविशीतला विंग (कडेने खेळणारा खेळाडू) शोधा. स्टार नको.