भाषा शिकवत आणि अनुवाद करत देशोदेशी राहणं खरंच जमतं का?

मुक्कामपोस्ट:
नमस्कार मंडळी. माझं जर्मन सी1 (वरची पातळी) झालंय, सध्या ए1-ए2 म्हणजे सुरुवातीच्या पातळ्यांच्या बॅचेस घेते आणि अधूनमधून एजन्सीकडून टेक्निकल अनुवादाची कामं येतात. कधीपासून मनात आहे की दोन-तीन वर्षं एका देशात, मग दुसऱ्या, असं शिकवत आणि अनुवाद करत राहावं. फोटो सगळ्यांचे दिसतात पण रोजचं आयुष्य कसं असतं हे कोणी लिहीत नाही. जे असे राहिलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. दोन्ही कामं एकत्र झेपतात का? आणि मशीन ट्रान्सलेशन आल्यावर अनुवादात काही राम उरलाय का?

दूरदेशी:
झेपतात, मी बरीच वर्षं हेच करतोय. फक्त एक लक्षात घ्या, शिकवण्याची नोकरी व्हिसाला बांधलेली असते आणि अनुवाद तुमच्याबरोबर फिरतो. उदाहरणार्थ जपानचा जेट प्रोग्राम, म्हणजे परदेशी तरुणांना तिथल्या शाळांत भाषा शिकवायला नेणारी सरकारी योजना, 1987 पासून चालू आहे, करार एकेक वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, मग पुढचं ज्याचं त्याने बघायचं. जर्मनीत स्थलांतरितांसाठीचे इंटिग्रेशन कोर्स असतात, 600 तास भाषा आणि 100 तास देशाची ओळख, तिथे शिकवायला बाम्फ या सरकारी कार्यालयाची मान्यता लागते आणि बरेच शिक्षक फ्रीलान्सच असतात, म्हणजे बॅच भरली नाही तर पैसे नाहीत. अशा महिन्यात अनुवादच हात देतो.

पण शिकवणं सोडू नका असं मी कळकळीने सांगेन. नव्या शहरात पहिली माणसं वर्गातच भेटतात. शिवाय ए1 चा विद्यार्थी असा काही प्रश्न विचारतो की आपण जे नुसतं कानाने बरोबर म्हणत आलो त्याचं कारण शोधावं लागतं, मग घरी येऊन तसलंच वाक्य अनुवादाला आलं की बरोबर तिथेच नजर थांबते. हे नुसतं घरी बसून अनुवाद करणाऱ्याला मिळत नाही.

आणि सहा-सहा महिन्यांनी देश बदलू नका हो. पहिलं वर्ष घर, रहिवासाची नोंदणी, आरोग्य विमा, बँक यातच जातं. लोक तुमच्याशी बोलतात ते लवकर कळायला लागतं कारण ते तुमच्यासाठी सावकाश बोलत असतात, पण शेजारच्या टेबलावर ते आपापसात बोलतात ते कळायला दुसरं वर्ष उजाडतं, आणि अनुवादकाला खरी गरज त्याचीच असते.

शब्दखूण:
मशीनबद्दल मी लिहिते. गूगलने 2016 मध्ये अनुवादाची न्यूरल (एआयवर चालणारी) पद्धत आणली, 2017 ला डीपएल हे दुसरं मशीन ट्रान्सलेशन आलं आणि तेव्हापासून एजन्सीचं काम हळूहळू पोस्ट-एडिटिंगकडे सरकलं, म्हणजे मशीनने केलेलं तुम्ही तपासायचं आणि दर कमी. ट्रान्सलेशन मेमरीचा, म्हणजे जुने अनुवाद वाक्यावाक्याने साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा हिशोब तर त्याच्याही आधीपासून आहे, आधी झालेल्या वाक्याशी 100 टक्के जुळलं तर जवळपास काहीच मिळत नाही, थोडंफार जुळलं तर कमी दर, नव्या मजकुरालाच पूर्ण. त्यामुळे फक्त यंत्रांच्या माहितीपुस्तकांवर पोट भरायचा विचार असेल तर ताई, जपून.

राम उरलाय तो जबाबदारीच्या कामात. कोर्ट, दवाखाना, पेटंट, जन्मदाखले. प्रमाणित अनुवादात कागदावरचा शिक्का, सही, कोपऱ्यात पेनाने लिहिलेली तारीख, सगळ्याची नोंद करावी लागते, आणि शिक्का पुसट असेल तर 'अवाचनीय' असंच लिहायचं, अंदाजाने गावाचं नाव भरायचं नाही. त्या एका ओळीवर कोणाचा तरी व्हिसा अडकलेला असतो. म्हणून खाली नाव घालून सही करणारा माणूस लागतोच.

दूरदेशी:
+1. मी आता जी कामं घेतो ती बहुतेक अशीच.

पानोपानी:
थोडं वेगळं बोलते. सगळे परक्या भाषेबद्दल लिहितायत, पण बाहेर राहिल्यावर झिजते ती आपली मराठी. युनेस्कोने 1976 मध्ये नैरोबीला अनुवादकांसाठी शिफारशी केल्या, त्यातही म्हटलंय की शक्यतो मातृभाषेत किंवा मातृभाषेइतकीच येणाऱ्या भाषेत अनुवाद करावा. आता तुम्ही दिवसभर जर्मनमध्ये शिकवणार, दुकानात जर्मन, घरमालकाशी जर्मन, आणि रात्री मराठीत लिहायला बसल्यावर वाक्य जर्मन वळणाचं उतरतं, क्रियापद योग्य जागी असूनही वाचणाऱ्याला खटकतं. यावर माझा एकच उपाय, रोज मराठी वाचायचं, तेही मूळ मराठीत लिहिलेलं, अनुवादित नाही, आणि आपला मसुदा मोठ्याने वाचून बघायचा. ज्या देशात आजूबाजूला मराठी बोलणारं कोणीच नसतं तिथे तर हे जेवणाइतकं नियमाने करावं लागतं.

साहित्याच्या अनुवादात पैसा कमी आहे, खरंय. पण हक्क आहेत, ते माहीत असू द्या. बर्न करारानुसार (हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) अनुवादाला स्वतंत्र कृतीसारखं संरक्षण मिळतं. 2016 पासून इंटरनॅशनल बुकर या अनुवादित पुस्तकांच्या पारितोषिकाचे 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. म्हणून प्रकाशकाच्या करारात कव्हरवर नाव आणि रॉयल्टी हे दोन्ही मागा, न लाजता मागा.

मुक्कामपोस्ट:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू! शब्दखूण, शपथबद्ध अनुवादक, म्हणजे असे प्रमाणित अनुवाद करायला अधिकृत शपथ घेतलेला, व्हायचं म्हणजे देश बदलला की ती शपथ चालते का? आणि दुभाष्याचं काम पण घ्यावं का?

शब्दखूण:
आपोआप चालेलच असं नाही. जर्मनीत तर नियम राज्यागणिक वेगळे आहेत, त्यामुळे जिथे जास्त काळ राहणार तिथेच त्या भानगडीत पडा. दुभाषाचं कौशल्य वेगळं, त्याचं ट्रेनिंग वेगळं. कॉन्फरन्सला बूथमध्ये दोघं बसतात आणि साधारण 20-30 मिनिटांनी माईक बदलतात कारण त्यापुढे डोकं चालत नाही. कोणी एकटीला दिवसभर बसवायला बघत असेल तर सरळ नाही म्हणा. तुमच्या जागी मी असते तर आधी शिकवण्याची पात्रता पक्की केली असती, गोएथे इन्स्टिट्यूटचं डॉइच लेरेन लेर्नेन हे जर्मन शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण बघा, आणि त्या काळात एकच विषय धरून, समजा वैद्यकीय, स्वतःची शब्दावली जमवायला घेतली असती.