पश्चिमेची खिडकी, हिंचका आणि संखेड्याची खुर्ची: वाचायला कोपरा कसा करावा?

दांडियाबाजारकर

दिवाणखाना १४ बाय ११ फूट. पश्चिमेला चार फुटी खिडकी, मधोमध पितळी कड्यांचा हिंचका, म्हणजे झोपाळा. खिडकीच्या डावीकडे पाच बाय पाचचा कोपरा मोकळा आहे. तिथे आईसाठी वाचायची जागा करायची आहे. वय ७२, गुडघे दुखतात, वाचन रोज संध्याकाळी दोनेक तास. घरात बडोद्याजवळच्या संखेडा गावच्या लाकूडकामाची एक जुनी खुर्ची आहे, तिचे हात हलतात. पुस्तकं एका ओळीत लावली तर सात-आठ फूट भरतील, शिवाय दिवाळी अंक. सध्या खोलीत एकच पांढरी ट्यूब आहे, ती लावली की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. दुपारी तीननंतर ऊन थेट कोपऱ्यात येतं. सामान कमी घ्यायचं आहे, पण जागा अशी हवी की बसावंसं वाटेल. सुरुवात कुठून करू?

वायरमन_बडोदा

दिव्यापासून करा. उशा, गालिचे, कुंड्या सगळं नंतर. त्या ट्यूबचा उजेड बहुधा ६५०० केल्विनचा असेल, म्हणजे निळसर पांढरा, आणि तो वरून सगळीकडे सारखा पडतो. त्यामुळे खोली सपाट दिसते. कोपऱ्यासाठी २७०० ते ३००० केल्विनचा बल्ब घ्या, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं. पण पिवळा म्हणजे मंद नव्हे, इथे बरेच जण चुकतात. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आईंना तुमच्यापेक्षा जास्त उजेड लागणार. ९ वॉटचा, ८०० ते ९०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) एलईडी हवा. रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा), ९० मिळाला तर उत्तम.

उभा दिवा खांद्याच्या बाजूला, जरा मागे. समोर ठेवलात तर गुळगुळीत कागदावर चकाकी येते, आणि काही दिवाळी अंकांचा कागद तसाच असतो. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावी. जमिनीपासून हे अंतर ४० ते ४४ इंच भरतं, पण आईंना खुर्चीत बसवून मोजा आणि मगच दिवा घ्या. शेड उंच असली की उघडा बल्ब डोळ्यात घुसतो, खाली असली की उजेड मांडीवरच संपतो. शेड आतून पांढरी किंवा मोतिया हवी. मरून रंगाची शेड दुकानात सुंदर दिसते, घरी अर्धा उजेड खाऊन टाकते. उभ्या दिव्यांना बहुधा आट्यांचा होल्डर असतो आणि आपल्या घरात पिनांचे बल्ब पडलेले असतात, तेव्हा होल्डर बघून बल्ब आणा.

वाचताना बाकी खोली मिट्ट काळोखी ठेवू नका. पानावरून नजर उचलली की डोळ्यांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि ते लवकर थकतात. पलीकडच्या कोपऱ्यात ३ ते ५ वॉटचा पिवळा दिवा भिंतीकडे तोंड करून लावा. ट्यूब काढू नका, झाडलोट आणि शोधाशोध यांना तीच लागते.

रंधा

खुर्ची नक्की वापरा, पण आधी सांधे. संखेड्याचं काम लेथवर कातलेल्या सागवानाचं असतं, गोल चूल, म्हणजे सांध्यात शिरणारं टोक, गोल भोकात बसवलेली. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि हात खुळखुळतात. तिथे खिळा मारायचा नाही, चूल चिरते आणि मग दुरुस्ती उरत नाही. सांधा उघडून जुना सरस खरवडा, दोन्ही बाजूंना फेविकॉल लावून बसवा, सुती दोरीने आवळून २४ तास हलवू नका. फेविकॉल आधीच्या सरसावर धरत नाही, म्हणून खरवडणं महत्त्वाचं.

वरचा चकाकता थर लाखेचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हाताला लावायचं सॅनिटायझर, अत्तर, काच पुसायचं द्रव, यांचा एक थेंबही डाग पाडतो. पुसायला कोरडं मऊ फडकं. गरम चहाचा कप थेट खुर्चीच्या हातावर ठेवला की पांढरट कडं उमटतं, म्हणून शेजारी छोटं टेबल हवंच.

गुडघ्यांसाठी बैठक जमिनीपासून १८ इंच असावी. त्याहून खोल गेली की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. बैठक कमी भरत असेल तर ४० घनतेचा फोम लावा, बसल्यावर तो इंचभर दबेल हे हिशेबात धरा. गादी नाड्यांनी बांधा. टाचण्या-खिळ्यांनी लाखेचे टवके उडतात.

पुस्तकांच्या मांडणीसाठी १९ मिमी प्लाय, खोली १० इंच, आणि दोन उभ्या फळ्यांमधलं अंतर ३० इंचांच्या आत. फूटभर पुस्तकं सहज दहा किलोच्या आसपास जातात. तीन-साडेतीन फुटी फळी पहिल्या दोन वर्षांतच मधे झोळ धरते, पार्टिकल बोर्ड तर त्याआधीच. तुमच्या पुस्तकांना ३० इंची चार फळ्या पुरतील, पाचवी अंकांसाठी. ती सगळ्यात खाली आणि १३ इंच उंच करा, नाहीतर अंक आडवे रचावे लागतात आणि हवा तोच तळाशी सापडतो. मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे, जमिनीपासून सहा इंच वर. पलीकडे मोरी किंवा न्हाणी असलेली भिंत टाळा.

बडोद्याच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी पुस्तकं संपवतात. पुस्तकं ठासून लावू नका, मधे बोट सहज शिरलं पाहिजे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड मजल्यामजल्यांतून खाली उतरावा म्हणून. घरी एवढं शक्य नाही, पण मांडणीची पाठ उघडी ठेवणं शक्य आहे. प्लास्टिकची कव्हरं काढून टाका, ओल आतच कोंडते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत फळीवर ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, आई तिथे दोन तास बसणार आहेत.

टाचणी

उन्हाचं कुणी बोललं नाही. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. आतला पडदा फक्त झोत अडवतो, उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते. म्हणून खिडकीच्या बाहेर बांबूची चिक लावा, दुपारी सोडायची, सहाला गुंडाळायची. वाळ्याची ताटी असेल तर पाऊस लागायच्या आत उतरवा, बुरशी धरते. पुस्तकांच्या पाठीही याच उन्हाने उडतात. मांडणी खिडकीसमोर न लावता खिडकीच्याच भिंतीला लावा.

आत सुती पडदा, हळदी किंवा बदामी छटेचा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात असे रंग गडद होतात, तेव्हा कापडाचा तुकडा घरी आणून दिव्याखाली बघून ठरवा. दांडा खिडकीच्या सहा इंच वर, दोन्हीकडे आठ-आठ इंच जास्त, म्हणजे पडदा सरकवल्यावर खिडकी पूर्ण मोकळी होते. हिशेब असा: दांडा ६४ इंच, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे १२८. ४८ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, तीन पट्टे. दांड्यापासून जमिनीपर्यंत ९० इंच धरले तर दुमडीला १० आणि आटण्याला ४ मिळून १०४ इंच, तिन्ही पट्ट्यांना आठ मीटर. मंगळ बाजारात कापड घेतलंत तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. न भिजवलेला पडदा पहिल्या धुण्यात आखूड होतो. खालची कड जमिनीपासून अर्धा इंच वर, पोछा मारताना भिजत नाही.

खाली चार बाय सहाची सतरंजी. खुर्चीचे पुढचे दोन पाय तिच्यावर आणि सतरंजीखाली जाळीदार रबर. गुळगुळीत लादीवर सुटी सतरंजी म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पडायचं निमंत्रण.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार, मापं लिहून घेतली. दोन शंका. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडला तर चालेल का? आणि हिंचक्यावर बसून वाचलं तर?

वायरमन_बडोदा

रेग्युलेटर नको. साधा एलईडी त्यावर लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचाच डिमर, नाहीतर साधं बटण.

हिंचक्यावर दुपारी, खिडकीच्या उजेडात आणि पाय टेकवून जरूर वाचावं. झुलताना पान दिव्याच्या जवळ-लांब होत राहतं, उजेड सारखा बदलतो, डोकं दुखतं. हिंचक्याच्या पुढेमागे अडीच-अडीच फूट मोकळे ठेवा आणि दिव्याची वायर त्या पट्ट्यातून अजिबात नेऊ नका, भिंतीच्या कडेने पट्टी मारून न्या. खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली येत नाही ना, तेही बघा, पानं उडतात. दिवा मात्र पात्यांच्या खालीच हवा. वर असला तर पात्यांची सावली पानावर फिरत राहते.