कागद २७ मागायचे की ४? कामावरचा अपघात, तोंडी काढून टाकणं आणि कोर्टातला कागदपत्रांचा अर्ज

भोसरीकर
माझा मावसभाऊ पॉवर प्रेसवर ऑपरेटर होता. २०२१ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, डाव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरून तो कामावर गेला तर वॉचमननं गेटवरच थांबवलं, "तुला आत सोडू नको म्हणून सांगितलंय." पत्र नाही, नोटीस नाही. तेव्हापासून दोन दावे चालू आहेत. एक नुकसानभरपाईचा, तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली (पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय या कामगार विमा योजनेच्या बाहेर). दुसरा लेबर कोर्टात, बेकायदा काढल्याचा. कंपनी म्हणते, बोटं गेली कारण प्रेसचा सेफ्टी गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असलेली आड) त्यानंच काढला होता. आणि कामावरून काढलं कोणी, तोच यायचा बंद झाला.

कागदपत्रं हजर करून मिळावीत म्हणून आमच्या आधीच्या वकिलांनी २७ बाबींचा अर्ज दिला. सर्व मस्टर, सर्व पगारपत्रकं, सुरक्षेसंबंधी सर्व रेकॉर्ड, इतर अनुषंगिक दस्तऐवज वगैरे. बाब १४ होती बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र! आमच्या शेडमध्ये चहा सोडून काहीही उकळत नाही. अर्ज कुठल्या तरी जुन्या केसमधून उचललेला होता, फक्त वरचं नाव बदललेलं. कंपनीचं म्हणणं एका ओळीत आलं: अर्ज मोघम असून दस्तऐवज उपलब्ध नाहीत. अर्ज नामंजूर, सात महिने पाण्यात.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. मोजके कागद मागा, नाव आणि तारीख घालून मागा. आणि यादी वकिलाच्या कॉम्प्युटरमधून नको, कामगाराच्या तोंडून काढा.

काळाकोट
बॉयलरबद्दल सहानुभूती, पण मताशी असहमत. भोसरीकर, तुमचा भाऊ मशीनवर उभा राहायचा, ऑफिसच्या कपाटात काय आहे ते त्याला कसं ठाऊक असणार? ज्याला कपाट उघडता येत नाही त्यानं अख्खं कपाटच मागावं.

दुसरं, बेकायदा काढल्याच्या दाव्यात वर्षभरात २४० दिवस काम भरल्याचा पुरावा देण्याचा भार कामगारावर आहे, हे सुप्रीम कोर्टानं २००२ च्या हदिमनी निकालात सांगितलं. २००५ च्या येल्लट्टी प्रकरणात ते थोडं सैल केलं: कामगारानं पिंजऱ्यात उभं राहून साक्ष द्यावी, मालकाकडून मस्टर, वेतन रजिस्टर मागवावं. पण तिथंच एक मेख आहे. नुसतं मस्टर आलं नाही एवढ्यावर मालकाविरुद्ध अनुमान निघत नाही, ते दडवलंय असं तुम्हाला म्हणावं लागतं. जे मागितलंच नाही ते दडवलं असं कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणून मी सगळं मागतो.

भोसरीकर
येल्लट्टीमध्ये कोर्टानं कागदांची नावं घेतली आहेत, तुम्हीच लिहिलंत. मस्टर, वेतन रजिस्टर. 'अनुषंगिक दस्तऐवज' असं काही तिथं नाही. 'सर्व' मागितलं की मालकाला 'काहीच नाही' म्हणायची सोय होते. 'मार्च महिन्याचा, प्रेस नंबर ७ चा' असं मागितलं तर नाही म्हणताना जीभ अडखळते.

एचआर_नाईलाज
मी पलीकडच्या बाजूचा, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. २७ बाबींचा अर्ज आला की आमचा वकील खूश होतो, कारण आक्षेप घ्यायला २७ जागा मिळतात. चार बाबींचा आला की मला फोन येतो, "हे आहे का आपल्याकडे? खरं सांगा." 'उपलब्ध नाही' दर वेळी खोटं नसतं, हेही लक्षात घ्या. कंत्राटी मुलांचे कागद ठेकेदाराकडे असतात आणि ठेकेदार गावाला गेलेला असतो.

कामगारांच्या वकिलांना एक सांगायचंय. मागवलेला कागद तुमच्यावर उलटू शकतो. नोटीस देऊन मागवलात, उघडून पाहिलात, तर समोरच्यानं म्हटल्यास तोच पुराव्यात द्यावा लागतो. पुरावा कायद्याचं जुनं कलम १६३. आमच्या एका केसमध्ये समोरच्यांनी हौसेनं अख्खी पर्सनल फाईल मागवली. तीत तीन वॉर्निंग लेटर होती, तिन्हीवर कामगाराची सही.

काळाकोट
लेबर कोर्टाला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू नाही, तेव्हा कलम १६३ चा बागुलबुवा तिथं दाखवू नका. वॉर्निंग लेटरं तर तुम्ही न मागताच आणली असती.

हजेरीमास्तर
३१ वर्षं टाइम ऑफिसला काढली, आता निवृत्त. आमच्या वेळेला मस्टर दोन असायची, एक इन्स्पेक्टर साहेबांसाठी आणि एक खरं. त्या पापात माझाही वाटा आहे, म्हणून बोलतो. तुम्ही मस्टर मागाल तर पहिलं मिळेल. म्हणून मस्टरच्या जोडीला असं काही मागा जे बनवायचं कोणाला सुचत नाही. गेटवरचं इन-आउट रजिस्टर, ओटीच्या चिठ्ठ्या, कँटीनची कुपनं. मस्टरवर माणूस गैरहजर आणि कँटीनमध्ये त्याच दिवशी त्याच्या नंबरवर जेवण, असं मी स्वतः पाहिलंय.

मस्टर हातात आलं की सही बघू नका, शाई बघा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दाबानं? मग तो महिना एका बैठकीत भरलाय.

बे एरियाची माई
इथं अमेरिकेत फेडरल कोर्टात कागदपत्रांची मागणी नियम ३४ खाली थेट समोरच्या पक्षाला पाठवतात, उत्तराला ३० दिवस. मागण्यांच्या संख्येला त्या नियमात मर्यादा नाही, म्हणजे काळाकोट खूश. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर आक्षेपही नेमका लिहावा लागतो, आणि त्या आक्षेपापोटी काही हातचं राखलंय का तेही सांगावं लागतं. "मोघम आहे" म्हणून हात झटकता येत नाहीत. कॅलिफोर्नियात तर काढून टाकलेल्या माणसालाही दावा न लावता स्वतःची पर्सनल फाईल लेखी मागता येते, ३० दिवसांत.

काळाकोट
माई, इथं तीस दिवसांत पुढची तारीख मिळाली तरी पेढे वाटतो आम्ही.

आमच्या लेबर कोर्टालाही दस्तऐवज हजर करायला लावण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत (दावा लावला तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ११(३)), भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनाही आहेत. अधिकार आहेत, घाई नाही. भोसरीकर, सीसीटीव्ही मागितलात का?

भोसरीकर
मागितला तोवर उशीर झाला होता. डीव्हीआरवर पंधरा-वीस दिवसांत वरून नवीन रेकॉर्ड होतं, आणि तेव्हा भाऊ हॉस्पिटलात होता. त्याच आठवड्यात "फुटेज जपून ठेवा" असं एक साधं रजिस्टर पत्र धाडायला हवं होतं. आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. ही चूक पूर्णपणे आमची.

काळाकोट
मिळालं असतं तरी त्याची नक्कल, ती त्याच यंत्रातून निघाल्याच्या प्रमाणपत्राशिवाय, पुराव्यात गेली नसती. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर प्रकरणात २०२० साली सुप्रीम कोर्टानं ते पक्कं केलं. मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाला अर्ज करून मागवता येतं.

भोसरीकर
आता दुसऱ्या अर्जाची हकिगत. नवीन वकीलबाईंनी भावाला दोन तास बसवलं आणि एकच प्रश्न धरून ठेवला: सकाळी गेटपासून मशीनपर्यंत जाताना तू कशाकशावर सही करायचास, कशावर टिक मारायचास? त्यातून चार कागद निघाले. प्रेस ७ चा अपघाताच्या महिन्याचा रोजचा तपासणी तक्ता. गार्डची बिजागरी ढिली असल्याची मेंटेनन्स स्लिप, तिची पिवळी प्रत सुपरवायझरकडे राहते. शेवटच्या बारा महिन्यांचं मस्टर. आणि भाऊ परत कामावर गेला त्या तीन दिवसांचं गेट रजिस्टर. अर्ज दीड पानाचा. मंजूर झाला.

पिवळी प्रत आली नाही. गेट रजिस्टर "वाळवीनं खाल्लं". तपासणी तक्ता मात्र कंपनीनं मोठ्या ऐटीत दिला, कारण त्यात 'गार्ड जागेवर' या रकान्यात महिनाभर बरोबरच्या खुणा आहेत, म्हणजे गार्ड ठीक होता, भावानंच काढला. जाणूनबुजून गार्ड काढल्याचं सिद्ध झालं तर अशा अंशतः अपंगत्वात भरपाई जाऊ शकते. वयावरून ठरणारा २११.७९ चा गुणक, ९,००० रुपये (पगार कितीही असो, तेव्हा कायद्यानं धरलेल्या कमाल १५,००० चे ६० टक्के), दोन बोटांचे २० टक्के, म्हणजे ३,८१,२२२ रुपये त्या रकान्यावर टांगलेले.

भावानं तक्ता हातात घेतला, खालपासून वर बोट फिरवलं आणि म्हणाला, "गुरुवारी पण टिक आहे."

आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. शेड बंद. चारही गुरुवारी गार्ड जागेवर, तेल पातळी ठीक, ऑपरेटरची सही.

हजेरीमास्तर
शाई?

भोसरीकर
एकच. निळी.

काळाकोट
मान गये. पण मला सांगा, हा तक्ता पहिल्या २७ मध्ये येत होता की नाही?

भोसरीकर
येत होता. बाब १९, 'सुरक्षेसंबंधी सर्व रेकॉर्ड'.

काळाकोट
आणि तेव्हा म्हणणं काय दिलं होतं? "उपलब्ध नाहीत." त्याखाली सही कोणाची आहे?

भोसरीकर
प्लांट मॅनेजरची. शपथपत्रासह.

एचआर_नाईलाज
अरे देवा.

काळाकोट
वकीलबाईंना सांगा, त्या म्हणण्याची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवा. मॅनेजर साक्षीला आला की गुरुवारचं शेवटी विचारायचं. आधी एवढंच: "हा तक्ता तेव्हा कुठे होता?"

भोसरीकर
नक्कल अर्ज उद्या देतो.